शाला, शाळा, शाया

(दहावी १९७९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना थोडी काटछाट केली आहे.)



संयोजक मंडळींनी मला दोन अटी घातल्या आहेत. पहिली, आम्हाला समजेल असं बोल. दुसरी, साडेबाराच्या आत संपव, कारण मागच्या मैदानात रोडगे भाजायला घेतलेत आणि वांग्याची भाजी चुलीवर चढली आहे. वास तुमच्यापर्यंत आलाच आहे. तेव्हा माझी स्पर्धा कोणाशी आहे ते मला ठाऊक आहे.

सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू भाषाविज्ञान शिकवते म्हणजे तुला भाषा किती येतात?" दीड. मराठी पूर्ण आणि इंग्रजी अर्धी. आमचं काम भाषा बोलण्याचं नाही, लोक बोलतात ते कान देऊन ऐकण्याचं आहे. आज मी फक्त एका अक्षराबद्दल बोलणार आहे. ते अक्षर म्हणजे ळ.

माझ्या घरातल्या तीन बायकांपासून सुरुवात करते. माझी आई, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचं खाल्लेलं आहे, ती या इमारतीला ‘शाया’ म्हणायची. मी ‘शाळा’ म्हणते. माझी पाच वर्षांची नात अमेरिकेत वाढते आहे. ती व्हिडिओ कॉलवर मला सांगते, "आजी, मी शालेत गेले होते." शाया, शाळा, शाला. एका घरात, चार पिढ्यांत, एका शब्दाचे तीन उच्चार. यातला शुद्ध कुठला, असं विचारलं तर आपण सगळे हात वर करून ‘शाळा’ म्हणू. आपल्याला तसं शिकवलेलं आहे. कसं शिकवलेलं आहे, तो एक प्रसंग सांगते.

आपण आठवीत होतो. मराठीचा तास. सरांचं नाव घेत नाही. ते आज आपल्यात नाहीत, आणि मराठीची गोडी मला त्यांनीच लावली हेही खरं आहे. धडा मोठ्यानं वाचायला आपल्या एका मित्राला उभं केलं होतं. वाक्य साधं होतं, तळ्याजवळ काळा बगळा उभा होता, अशासारखं काहीतरी. त्यानं वाचलं, "तयाजवय काया बगया". सर म्हणाले, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा तसंच वाचलं. सर म्हणाले, पुन्हा. तिसऱ्या वेळेला वर्ग हसायला लागला. चौथ्या वेळेला बाकं वाजली. मग सरांनी मला उभं केलं. मी तेच वाक्य खणखणीत ळ लावून वाचलं. "असं," सर म्हणाले. मी बसले, तो तास संपेपर्यंत उभाच राहिला. आणि मी खोटं बोलणार नाही, मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं.

त्यानंतर तो वर्गात मोठ्यानं वाचताना मला आठवत नाही. नववीनंतर त्याची शाळा सुटली. त्याला घरची कारणं होती, शेती होती. सगळं त्या एका तासावर ढकलणं बरोबर होणार नाही. पण तो तास होता. तो मित्र आज इथे बसला आहे. हा प्रसंग सांगू का, असं मी त्याला सकाळी विचारलं. म्हणाला, "सांग ना, पन नाव नको घेजो."

आता मी सहा-सात वर्षं पुढे जाते. अमरावतीला बी. ए. करून मी पुण्याला एम. ए. ला गेले. तिथल्या ग्रंथालयात एक पुस्तक हातात आलं. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं मराठी भाषा कशी घडली यावर पॅरिसमध्ये १९२० साली ग्रंथ छापला होता. त्याचं वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं मराठी भाषांतर मी वाचत होते. वाचायला रटाळ, हे मान्य करते. पानापानावर शब्दांच्या याद्या. त्या यादीत एक जोडी होती, फळ आणि फूल.

तुम्ही कधी विचार केला आहे का, की फळ मध्ये ळ आणि फूल मध्ये ल का? दोन्ही झाडालाच येतात, दोन्ही शब्द फ नं सुरू होतात. उत्तर असं आहे. संस्कृतात शब्द होता फल. त्यात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल आहे. दुसरा शब्द होता फुल्ल, म्हणजे उमललेला. त्यात ल जोड आहे, ल ला ल चिकटलेला. मराठी घडत असताना दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा ल मऊ पडला आणि त्याचा ळ झाला. जोड ल मात्र भक्कम होता. तो ळ झाला नाही. पुढे फक्त त्याची जोडी सुटली आणि आधीचा स्वर लांबला. म्हणून फल चं फळ, पण फुल्ल चं फूल.

एकदा हे कळलं की शब्दच्या शब्द रांगेत येऊन उभे राहतात. काळ, म्हणजे वेळ, हा काल पासून, एकटा ल. पण काल-परवा मधला काल हा कल्य, त्याचं प्राकृतात कल्ल, त्यापासून, जोड ल. म्हणून तो ल च राहिला. तीळ हा तिल पासून. पण तिळातून जे निघतं ते तैल, प्राकृतात तेल्ल, म्हणून मराठीत तेल. तिळात ळ आणि त्याच्याच तेलात ल! गल्ल चा गाल. बैल सुद्धा प्राकृतात बइल्ल असा जोड ल चा होता. गेला, केला, आला यांतला ल असाच जोड ल कडून आलेला आहे, म्हणून आपण कधी ‘गेळा’ म्हणत नाही.

मी ते पान वाचत होते आणि मला एकदम आठवीचा वर्ग दिसला. ‘काया बगया’ म्हणणाऱ्या त्या मुलानं कधी ‘फूय’ म्हटलं होतं का? ‘तेय’ म्हटलं होतं का? ‘बगया उडून गेया’ असं वाचलं होतं का?

दिवाळीत घरी आले. आई चुलीपाशी बसली होती. मी वही घेऊन बसले आणि एकेक वस्तू दाखवून किंवा खूण करून विचारत गेले, हे काय, ते काय. तिला वाटलं पोरीचं पुण्यात डोकं फिरलं. तिची उत्तरं अशी होती. फय. फूल. तीय. तेल. डोया. गाल. हयद. गूय. काया बैल. कालची भाकर. चाळीस-पन्नास शब्द झाले. जिथे संस्कृतात एकटा ल होता तिथे य. जिथे जोड ल होता तिथे ल. माझी आई एक दिवसही शाळेत गेलेली नव्हती. तिला प्राकृत नावाची भाषा होती हे माहीत नव्हतं. आणि तिनं एकही चूक केली नाही.

ही काही तिची किंवा आपल्या मित्राची करामत नाही, आणि आपल्या वऱ्हाडाचीही नाही. जगभर असंच होतं. १८७० च्या दशकात जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात तरुण अभ्यासकांचा एक गट होता. त्यांनी मोठ्या हिरिरीनं मांडलं की उच्चार बदलतात ते नियमानं बदलतात, शब्द निवडून नाही. जिथे अपवाद दिसतो तिथे एकतर दुसरा नियम लपलेला असतो, नाहीतर शब्द बाहेरून आलेला असतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. बाळ मध्ये ळ, मग बालवाडीत ल का? कारण बाळ हा पिढ्यान्‌पिढ्या आयांच्या तोंडून आलेला शब्द आहे, आणि बालवाडी मधला बाल आपण नंतर संस्कृत ग्रंथांतून उचलून आणला. तोवर ल चा ळ करणारा नियम आपलं काम उरकून गेला होता. फळ आणि फलश्रुती, तेच. कळा आणि कला, तेच.

मग ळ चा य होतो तो कसा? आता सगळ्यांनी जरा माझ्याबरोबर ळ म्हणा. लाजू नका, इथे कोणी उभं करणार नाही. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं आणि टाळूला टेकून पुढे फटकारलं जातं. आता तसंच करा, पण जीभ टाळूपर्यंत पोचायच्या आत सोडून द्या. काय उरलं? य च्या जवळचं काहीतरी उरलं. बस, एवढंच झालं आहे. ल चा ळ झाला तेव्हा जिभेनं थोडी ढिलाई केली होती. ळ चा य झाला तेव्हा आणखी थोडी. पहिल्या ढिलाईला आपण प्रमाण मराठी म्हणतो आणि दुसरीला गावंढळ.

आणि ही ढिलाई करणारे आपण एकटे नाही. स्पॅनिश भाषेत कोंबडीच्या मटणाला जो शब्द आहे तो लिहिताना दोन एल लिहितात. जुन्या काळी तिथे ल सारखा उच्चार होता. आज सगळ्या मेक्सिकोत आणि स्पेनच्याही बऱ्याच भागात लोक त्याला ‘पोयो’ म्हणतात. आपला अकोटचा माणूस मेक्सिकोच्या बाजारात उभा राहिला तर त्याला घरच्यासारखं वाटेल.

आता ण कडे पटकन बघू, कारण ‘पानी’ म्हटलं म्हणूनही आपण मार खाल्लेला आहे. पाणी हा शब्द पानीय वरून आला. संस्कृतात न होता! प्राकृतात त्याचा ण झाला. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त न चा ण होतो असा सरळ नियमच आहे. म्हणजे आपल्या सरांचं ‘पाणी’ जुन्या वैयाकरणाच्या कानाला बिघडलेलं वाटलं असतं, आणि मागच्या बाकावरचं ‘पानी’ ऐकून त्यानं मान डोलवली असती. अर्थात मागच्या बाकावरच्या मुलांनी संस्कृत राखून ठेवलं होतं असं काही नाही. त्यांच्या बोलीत ण आणि न एक होऊन गेले, योगायोगानं गाडी पहिल्या स्टेशनावर परत आली. इतकंच.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. मोर्शीच्या बाजूचं रिद्धपूर सगळ्यांना माहीत आहे, महानुभावांचं क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी तिथे गोळा केल्या. मराठीतला तो सगळ्यात जुन्या गद्य ग्रंथांपैकी एक. त्याचं नाव काय? लीळाचरित्र. लीलाचरित्र नव्हे. संस्कृत लीला, तिची मराठीत लीळा झाली, कारण दुसरा ल दोन स्वरांमध्ये एकटा होता. पहिला ल शब्दाच्या सुरुवातीला होता म्हणून तो वाचला. मराठीत ळ नं सुरू होणारा शब्द नाही, बघा आठवून. नागपूर-पुण्याचे लोक वऱ्हाडीला हसतात तेव्हा मला हे पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवावंसं वाटतं. ठेवत नाही. तेवढं धाडस अजून झालेलं नाही.

इथे कोणी म्हणेल की बाई, मग शाळेत शिकवायचंच नाही का? शिकवायचं ना. अर्ज लिहायला, बातमी वाचायला, मुलाखतीला एक प्रमाण भाषा लागते, ती शिकवायलाच हवी. माझी तक्रार वेगळी आहे. शाळेनं कुठल्या चुका पकडल्या आणि कुठल्या सोडल्या ते बघा.

चोर म्हणा. आता चिमणी म्हणा. दोन्हीत च एकच आहे का? नाही. चोर म्हणताना जीभ दाताशी येते, चिमणी म्हणताना मागे टाळूशी जाते. जावई आणि जिलबी. माझा आणि माझी. ‘त्याचा’ मधला च वेगळा, ‘त्याची’ मधला वेगळा. नियम साधारण असा, की पुढे इ, ए किंवा य आला की टाळूचा च, एरवी दाताचा. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले चंद्रासारखे शब्द तेवढे सोडून. दहा वर्षांच्या शाळेत हा नियम आपल्याला कोणी शिकवला नाही, आणि त्याच्यासाठी कोणाला उभंही केलं नाही. कारण लिपीत त्या दोन च साठी दोन अक्षरं नाहीत. ळ ला अक्षर आहे, म्हणून ळ चुकला की दिसतो. आणि अक्षर असूनही उच्चार गेला असेल तर? षटकोनाचा ष सर स्वतः श म्हणायचे. ज्ञान ला आपण ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्यान’. ज आणि ञ यांचा जोड दोघांनीही सोडला. ऋषीला आपण ‘रुशी’, ते ‘रिशी’. त्याबद्दल कोणी छडी उगारली नाही, कारण छडी ज्याच्या हातात होती तोही तसंच म्हणत होता.

आजोबांची जुनी पत्रं कोणाकडे असतील तर बघा, घरांत, नांव, पांच, असे टिंबच टिंब दिसतील. एके काळी तिथे खरोखर नाकातला उच्चार होता. कोकणीत तो आजही ऐकू येतो. आपल्याकडे उच्चार मेला आणि टिंब मात्र कितीतरी पिढ्या लिहिलं जात राहिलं. १९६२ च्या लेखननियमांनी ते काढलं. आपल्या शिक्षकांपैकी बरेच जण टिंबं शिकून आले होते आणि आपल्याला बिनटिंबाचं शिकवत होते. त्यांची काय तारांबळ होत असेल ते आज कळतं.

आता शेजाऱ्यांकडे वळू. भाषा आपल्या आपण बदलते तशी शेजारामुळेही बदलते. दाताचा च फक्त मराठी-कोकणीत नाही, आपल्या पूर्वेला तेलुगूत अगदी जवळपास याच नियमानं आहे. पण हिंदीत नाही. मुळात ट, ठ, ड, ण, ळ ही जीभ वळवून काढायची अक्षरं संस्कृतच्या इराण-युरोपातल्या बहुतेक नातेवाइकांकडे नाहीत, आणि आपल्या दक्षिणेच्या तेलुगू, कन्नड, तमिळ या सगळ्या भाषांत ती भरपूर आहेत. ऋग्वेदात ळ आहे, पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ आहे, म्हणजे हा शेजार फार जुना असावा. किती भाग शेजाराचा आणि किती आपला, यावर विद्वान अजून भांडतात. मला विचाराल तर मी शेजाराच्या बाजूनं. मराठी बोलणाऱ्या घरात तेलुगू किंवा गोंडी माहेरची सून आली तर पोरं अंगाई कुठल्या उच्चारात ऐकणार?

फारसीचं बघा. बाजार, हजार, जमीन, जोर. फारसीत यांचा ज इंग्रजी झेडसारखा. आपल्याकडे दाताचा ज तयारच होता, त्याच्या खोलीत हे पाहुणे आरामात राहिले. पण जिल्हा? मूळ शब्दात तोच झेडसारखा ज. पण आपल्याकडे पुढे इ आली, मग आपला नियम लागू झाला आणि जिलबीचा ज झाला. पाहुणा आपल्या घरी आला तर चपला आपल्याच ओट्यावर काढणार. इंग्रजीनं मात्र आपल्याला नवीन स्वर दिले, बॅट मधला आणि बॉल मधला. माझ्या आईला ते कधी जमले नाहीत. ती डाक्टर, कालेज, हाटेल म्हणायची. माझ्या पिढीला ते बिनबोभाट आले आणि आता राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही ॲ आणि ऑ जाऊन बसले आहेत.

सध्या चाललेला एक बदल इथेच पकडून दाखवते. फळ म्हणा, आणि ओठाला बोट लावा. दोन्ही ओठ एकमेकांना टेकले का? मागच्या रांगेत आपली मुलं-सुना बसल्या आहेत, त्यांनी म्हणून बघा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा खालचा ओठ वरच्या दातांना लागेल, इंग्रजी एफसारखा. टेकला ना? शब्द एवढासा, पण आईचं फय, माझं फळ आणि नातीचं एफनं सुरू होणारं ‘फल’. नातीच्या इंग्रजीत जीभ मागे वळवायचा ळ नाहीच, म्हणून तिचा ल. तिची शाळा पुन्हा ‘शाला’ झाली. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या तोंडीही मी ‘बाला’, ‘सगले’ ऐकते आहे. पन्नास वर्षांनी ळ म्हणणाऱ्यालाच कोणी उभं करेल का, मला माहीत नाही.

अजून एक अभ्यास सांगते आणि आवरतं घेते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. विल्यम लबॉव्ह नावाचा अभ्यासक तिथे गेला. १९६३ साली त्याचा लेख छापून आला. बेटावर उन्हाळ्यात श्रीमंत पाहुणे येत, घरं विकत घेत. लबॉव्हला दिसलं की काही बेटवासीयांच्या बोलण्यात दोन स्वरांचा उच्चार मुख्य भूमीपासून दूर, बेटाच्या जुन्या वळणावर चालला होता. सगळ्यात जास्त कोणात? मासेमारांत, आणि ज्यांना बेट सोडायचं नव्हतं अशांत. कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ज्यांना निघून जायचं होतं त्यांच्या बोलण्यात ते जवळजवळ नव्हतं.

मी निघून गेलेल्यांपैकी. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘जवय’ निघालं होतं. आठवीत माझा ळ खणखणीत होता म्हटलं ना, तो धडा वाचतानाचा. घरी मी आईशी तिच्यासारखंच बोलत होते. खोलीतल्या दोघी हसल्या. वाईट मुली नव्हत्या, एक आजही मैत्रीण आहे. पण सहा महिन्यांत मी ते पुसून टाकलं. इतकं, की पुढे दिवाळीत आल्यावर आई म्हणाली, "तू त पुन्याची झाली वं." ती कौतुकानं म्हणाली की दुसरं काही, हे मी तिला विचारायला हवं होतं. आता विचारता येत नाही. तिचे ते चाळीस-पन्नास शब्द माझ्या वहीत आहेत, आवाज नाही. तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता आणि पुढे जेव्हा होता तेव्हा सुचलं नाही.

या कार्यक्रमाचं आमंत्रण मला ज्यानं फोनवर दिलं तो आठवीतला तोच मित्र. "येजो वं, शायेत कार्यक्रम हाये," म्हणाला. छप्पन्न गावं फिरून भाषणं दिली, पण या एका वाक्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. "हो, येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

तर मित्रा, त्या दिवशी मी वाचलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. तू वाचलंस ते चूक नव्हतं. तू तळ्याचा, काळ्याचा आणि बगळ्याचा ळ बरोबर त्याच जागी बदललास आणि ‘होता’ला, ‘उभा’ला, कशालाच हात लावला नाहीस. मी तेव्हा हसणाऱ्यांच्या बाजूला होते. मला हे सांगायला पंचेचाळीस वर्षं लागली, त्याबद्दल माफ कर.

एक काम आहे, तेवढं सांगून थांबते. जेवणानंतर मी आठवी ‘ब’ च्या वर्गात ध्वनिमुद्रक घेऊन बसणार आहे. साठ शब्दांची यादी आहे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल आणि आज येऊ शकत असेल त्यांनी घेऊन या. दहा मिनिटं लागतात. शब्द त्यांना वाचायला द्यायचे नाहीत, वस्तू दाखवून विचारायचं. तीळ, तेल, गूळ, हळद, फूल हे मी पिशवीत आणलं आहे. बैल मात्र चित्रातला आहे. ज्याचं नाव घ्यायचं नाही तो म्हणाला आहे की माझी माय यील, पन पयले तिले जेवू दे.